मडके वाजवून, घर मात्र न वाजवता

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आईबरोबर माठ आणायला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. आई माठ उचलते, एका हाताच्या तळव्यावर तोलून धरते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर दोन-तीन टिचक्या मारते. आवाज खणखणीत आला तर माठ पसंत. बद्द आला तर तो परत रांगेत जातो. कुंभारालाही त्याचा राग येत नाही. उलट तोच म्हणतो, "वाजवून घ्या, बाई!"

या टिचकीत बरेच भौतिकशास्त्र आहे. टिचकीने माठाची भिंत कंप पावू लागते. भिंत अखंड असेल तर कंपने काही काळ टिकतात आणि आवाज घुमतो. भिंतीला केसाएवढी तडा असली, तरी तडेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, कंपनांची ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्ची पडते आणि आवाज लगेच मरतो. डोळ्याला न दिसणारी तडा कानाला ऐकू येते, ती अशी.

आता याच घरातली मंडळी राहते घर विकत घ्यायला निघतात तेव्हा काय होते, ते पाहा. तीस वर्षांचा मालकी हक्काचा शोध वकिलाकडून घेतला जातो. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन, घरपट्टीच्या पावत्या, कुणाचा बोजा आहे काय, सारे तपासले जाते आणि ते योग्यच आहे. बँकेचा मूल्यांकनकार येऊन खोल्यांची मापे घेऊन जातो. नळाला पाणी किती वाजता येते, हेही विचारले जाते. पण दाराच्या चौकटीवर टिचकी मारून पाहणारा माणूस मला फार क्वचित भेटला आहे. आयुष्यभराच्या बचतीतून, वर वीस वर्षांचे कर्ज काढून घेतलेल्या घरातले लाकूड आतून भरीव आहे की पोकळ, हे न पाहताच खरेदीखतावर सह्या होतात.

घर घेण्यापूर्वी वाळवीची आणि लाकूड पोखरणाऱ्या इतर कीटकांची रीतसर तपासणी व्हावी, तिचा लेखी अहवाल असावा आणि त्या अहवालात काय पाहिले याबरोबर काय पाहता आले नाही हेही लिहिलेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यातले शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पण आधी तपासणी लागतेच कशाला, ते पाहू. चांगले दोन डोळे असताना पोखरलेले लाकूड दिसू नये, असे होते तरी कसे?

वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही. तिची कातडी पातळ असते. उघड्यावर ती लवकर सुकते. म्हणून लाकूड खाताना ती वरचा पापुद्रा शाबूत ठेवते आणि आतला भाग खात जाते. जमिनीतून येणारी वाळवी भिंतीवरून चढताना माती, लाळ आणि विष्ठा यांच्या बारीक नळ्या बांधते व त्या नळ्यांतून, ओलाव्यात आणि अंधारात, ये-जा करते. एक मिलिमीटरहून कमी रुंदीची भेगही तिला पुरते. "आमचे घर सिमेंट-काँक्रीटचे आहे, आम्हांला काय भीती?" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वाळवी काँक्रीट खात नाही हे खरे. पण त्यातल्या भेगांतून, नळांच्या भोवतीच्या फटींतून आणि विजेच्या तारांच्या नळ्यांतून ती वरच्या मजल्यावरील कपाटापर्यंत पोहोचू शकते.

दुसऱ्या प्रकारची वाळवी जमिनीशी संबंध न ठेवता कोरड्या लाकडातच राहते. ती मातीच्या नळ्या बांधत नाही. तिची खूण म्हणजे लाकडाखाली पडलेले खसखशीसारखे बारीक दाणे. भिंगातून पाहिले तर प्रत्येक दाण्याला सहा कडा दिसतात. याउलट, पिठासारखा भुसा पडत असेल आणि लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे असतील, तर तो उद्योग भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा समजावा. जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत आणि त्यांतल्या थोड्याच घरांना उपद्रव देतात. बाकीच्या जंगलात पडलेला पालापाचोळा आणि लाकूड कुजवून मातीत मिसळण्याचे मोठे काम करतात. वाळवी हे झुरळाचे जवळचे नातेवाईक आहे, हे वाचून तुमच्या घरच्या मंडळींना तिचा राग दुप्पट येईल. असो.

लाकूड आतून खाल्ले गेले तर ते वाकेल, कुरकुरेल, काही तरी सूचना देईल, असे आपल्याला वाटते. येथे थोडे गणित करू. चौरस छेदाची एक तुळई घ्या. तिचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या बाजूच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. आता कल्पना करा, की तिच्या मध्यातून निम्म्या बाजूचा चौरस कुणी कोरून काढला. लाकूड किती गेले? निम्म्याचा वर्ग, म्हणजे एक चतुर्थांश. आणि वाकण्याचा विरोध किती कमी झाला? निम्म्याचा चौथा घात, म्हणजे फक्त एक षोडशांश! पाव लाकूड नाहीसे झाले, तरी तुळई पूर्वीइतकीच ताठ दिसते. कारण तुळई वाकताना सर्वांत जास्त ताण वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर येतो. मधला भाग त्या मानाने आरामात असतो. बांबू पोकळ असून मजबूत असतो, तो याच कारणाने.

पोकळी वाढत जाऊन बाजूच्या ०.९ पट झाली, की चित्र पालटते. आता ८१ टक्के लाकूड गेलेले असते आणि वाकण्याचा विरोध ३४ टक्के उरतो. म्हणजे पहिल्या पाव लाकडाच्या नाशाची तुळई खबरही देत नाही आणि पुढे मात्र झपाट्याने कमकुवत होते. वाळवी काही पट्टीने आखून चौरस कोरत नाही. तुळईचे टोक भिंतीत जेथे टेकलेले असते तेथील ओलसर भाग ती आधी खाते, आणि तेथे हे गणित याहूनही वाईट निघते. तेव्हा "इतकी वर्षे उभे आहे, काही झालेले नाही" हा युक्तिवाद जुन्या घराच्या बाबतीत फारसा उपयोगाचा नाही.

"अस्सल सागवान आहे, त्याला वाळवी लागत नाही" हे वाक्यही जुने घर पाहताना हमखास ऐकायला मिळते. ते अर्धे खरे आहे. सागाच्या जुन्या झाडाच्या गाभ्यातील काळपट लाकडात अशी द्रव्ये असतात, की वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण सालीलगतच्या फिकट लाकडाला हे संरक्षण नसते आणि कोवळ्या झाडाच्या लाकडात ते कमी असते. वाड्याचे खांब गाभ्याचे असतील; नंतर कुणी तरी बसवलेल्या खिडकीच्या चौकटीबद्दल तसे सांगता येणार नाही.

पाहून समजत नाही, तर काय करायचे? आईने माठाला केले तेच. लिओपोल्ड ऑएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून, येणाऱ्या आवाजावरून आत हवा आहे की पाणी साचले आहे हे ओळखण्याची रीत त्याने त्यात सांगितली. त्याचे वडील खानावळ चालवीत. पिंपात दारू किती उरली हे ते बाहेरून ठोकून पाहत आणि त्यावरूनच मुलाला ही कल्पना सुचली, असे सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी कधी तुमच्या पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टकटक केले असेल, तर ती याच पुस्तकाची देणगी.

लाकडावर ठोकले असता भरीव भागाचा आवाज आखूड आणि टणक येतो. आत पोकळी असेल तर वरचा पातळ थर ढोलकीच्या पानासारखा हलतो आणि आवाज भरडा, डबडबीत येतो. एका ठिकाणी ठोकून काही कळत नाही. एकाच चौकटीवर खालून वर, वीतभर अंतराने ठोकत जावे आणि आवाज कोठे बदलतो हे ऐकावे. आपला कान अमुक आवाज किती वारंवारतेचा हे सांगू शकत नाही, पण दोन आवाजांतला फरक फार बारकाईने ओळखतो.

गंमत अशी, की ही युक्ती वाळवीलाही ठाऊक आहे. २००५ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. लाकूड कुरतडताना त्यात जी कंपने उठतात, त्यांवरून ठोकळा लहान आहे की मोठा हे वाळवीला समजते, असे त्यांना दिसून आले. म्हणजे घर ताब्यात घेण्यापूर्वी वाळवी त्याची ध्वनितपासणी करते. आपण करत नाही!

ठोकण्याच्या पुढची साधनेही आहेत. लाकडात दोन सुया रोवून त्यांच्यामधील विद्युत् रोध मोजणारे ओलावामापक असते. चांगल्या वाळलेल्या लाकडाचा रोध हजारो मेगओहम भरतो. तेच लाकूड पुरेसे ओले झाले की तो एका मेगओहमच्याही खाली येतो. इतका प्रचंड फरक पडत असल्यामुळे साधे उपकरणही काम देते. दुसरे साधन म्हणजे अवरक्त किरणांचा कॅमेरा. तो भिंतीच्या पृष्ठभागाच्या तापमानातले अंशाच्या दशांशाएवढे फरक रंगांत दाखवतो. सूक्ष्मलहरी भिंतीत सोडून आत काही हलते आहे काय हे पाहणारी उपकरणे आहेत, आणि लाकडाचे तंतू तुटताना होणारे श्राव्यातीत आवाज टिपणारीही आहेत.

पण यांतले एकही उपकरण वाळवी मोजत नाही, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. एक रोध मोजते, दुसरे तापमान मोजते, तिसरे हालचाल टिपते. 'वाळवी आहे' हे आपले अनुमान असते. भिंत ओली असेल तर बाष्पीभवनाने ती थंड दिसेल. आत वाळवीची मोठी वसाहत असेल तर तेवढा भाग उबदार दिसू शकेल. पण आतून गरम पाण्याचा नळ गेला असेल तरी तो उबदारच दिसणार. सूक्ष्मलहरींच्या उपकरणाला तर ते धरणाऱ्याचा हात थरथरला तरी हालचाल 'दिसते'. महागडा कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाने पडद्यावर तांबडा ठिपका दाखवला, की घरातली मंडळी भारावून जातात. अशा वेळी त्याला नम्रपणे विचारावे, "हे तापमान झाले, वाळवी कशावरून?"

आता अहवालाकडे येतो. अमेरिकेतील घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची असतात. तेथे अनेक ठिकाणी, विशेषतः उष्ण आणि दमट दक्षिणेकडे, घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्था लाकूड खाणाऱ्या कीटकांच्या तपासणीचा अहवाल मागतात. माजी सैनिकांना सरकारी हमीवर मिळणाऱ्या गृहकर्जासाठीही बऱ्याच राज्यांत तो लागतो. ऑस्ट्रेलियात तर या तपासणीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय मानक तयार केलेले आहे. अमेरिकेत प्रचलित असलेला छापील नमुना मला मुद्दाम तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो. त्यात तपासनिसाला 'घरात वाळवी नाही' असे लिहिण्याची सोयच नाही. त्याला दोन पर्याय असतात: दिसण्याजोगा पुरावा आढळला नाही, किंवा आढळला. त्याखाली कोणत्या जागा तपासता आल्या नाहीत आणि का, हे नोंदवायला वेगळा भाग आहे. बंद छत, भिंतीला ठोकलेले तक्ते, कपाटे, रचून ठेवलेले सामान अशी कारणे त्यात क्रमांकवार छापलेलीच असतात.

'नाही' आणि 'आढळली नाही' यांतला फरक तुम्हांला शब्दच्छल वाटेल. आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना तो चांगलाच महाग पडला. निवृत्तीला दोन वर्षे असताना त्यांनी आपल्या तालुक्याच्या गावी एक जुने दुमजली घर घेतले. ते व्यवस्थित गृहस्थ. तपासणी करून घेतली. अहवाल एका ओळीचा होता: 'सदर घर वाळवीमुक्त आहे.' खाली सही आणि शिक्का. पुढल्या जूनमध्ये पहिला वळीव पडला आणि त्या संध्याकाळी पोटमाळ्याच्या फळ्यांच्या फटींतून पंखवाल्या वाळवीचा लोंढा दिव्याकडे आला. सकाळी खिडकीच्या पट्टीवर गळलेल्या पंखांचा थर होता. वाळवी बाहेरून दिव्याकडे आली असती तर गोष्ट वेगळी. ती घरातून बाहेर निघाली, याचा अर्थ तिची वसाहत आत होती आणि काही वर्षांची होती. पोटमाळा प्लायवूडने बंद केलेला असल्यामुळे तपासनीस तेथे गेलाच नव्हता. त्याने पाहिलेल्या जागी खरोखरच काही नव्हते. तो खोटे बोलला नाही, घरमालकही खोटे बोलला नाही. फक्त 'पोटमाळा तपासता आला नाही' हे सहा-सात इंचांचे वाक्य कागदावर नव्हते. वरच्या मजल्याच्या तीन तुळया आणि सारे पाटण बदलावे लागले. निवृत्तीचा पैसा तेथे गेला.

मी त्यांना "दोनदा तपासणी करायला हवी होती" असे म्हणणाऱ्यांपैकी नाही. तुम्ही प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपरने गोळीचा व्यास मोजता. दहा वाचने घेऊन सरासरी काढली की हाताच्या आणि डोळ्यांच्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. पण व्हर्निअरलाच शून्य त्रुटी असेल तर? दहा काय, हजार वाचने घेतली तरी ती सरासरीत जशीच्या तशी राहते. समजा, एखाद्या घरातले तीन पंचमांश लाकूडकामच हाताला लागते आणि वाळवी कोठे तरी एकाच जागी आहे. तर ती नजरेतून सुटण्याची शक्यता पाचांत दोन, निदान तेवढी तरी, राहते. त्याच वाटेने दुसऱ्या दिवशी दुसरा तपासनीस फिरला, तरी ती पाचांत दोनच राहणार. बंद पोटमाळा दोघांनाही बंदच. ती कमी करण्याचा मार्ग एकच: प्लायवूडचा एक तक्ता उघडणे. आणि तो उघडायला हवा हे कळण्यासाठी आधी तो बंद होता हे अहवालात लिहिलेले हवे.

आपल्याकडे खरेदीखतासाठी असा अहवाल कायद्याने लागत नाही. कुणी मागितलाच तर बहुधा कीटकनाशक फवारणाऱ्यालाच बोलावले जाते. 'तपासणी मोफत' अशी पाटीही असते. तपासणी करणारा आणि औषध मारून पैसे मिळवणारा एकच असेल, तर त्याच्या निरीक्षणावर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. तो माणूस अप्रामाणिकच असेल असे नाही. पण ज्याला काही तरी सापडले तरच कमाई आहे, त्याला ते सापडण्याचा संभव वाढतो. आणि ज्याला विकणाऱ्याने पैसे दिले आहेत, त्याला ते न सापडण्याचा. म्हणून तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत, ते घेणाऱ्याने द्यावेत, आणि उपचाराचे काम त्याच माणसाला द्यायचे नाही हे आधीच ठरवावे. चार पैसे जास्त पडतील. ज्या व्यवहारात नुसत्या मुद्रांकावर एवढी रक्कम जाते, तेथे ते जड वाटू नयेत.

दुसरीही एक खोड आहे. अहवालाऐवजी 'औषध मारल्याचे प्रमाणपत्र' दाखवून काम भागवले जाते. वाळवी असो वा नसो, फवारणी करून टाकायची! हे मला मुळीच पसंत नाही. वाळवीसाठी एके काळी सर्रास वापरली गेलेली अल्ड्रिन, डिल्ड्रिन, क्लोर्डेन आणि हेप्टाक्लोर ही चारही द्रव्ये पुढे मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकून राहतात असे दिसले. २००१ सालच्या स्टॉकहोम करारात ज्या पहिल्या बारा घातक द्रव्यांवर जगाने बंधने आणली, त्यांत या चारही द्रव्यांची नावे आहेत. आज वापरली जाणारी औषधे वेगळी आहेत. तरी विष ते विषच. इमारतींच्या वाळवीप्रतिबंधासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक तीन भागांत उपलब्ध आहे आणि त्याचा तिसरा भाग उभ्या असलेल्या इमारतींसाठीच आहे. उपचार करायचाच तर त्याप्रमाणे, हव्या त्या ठिकाणी आणि हव्या त्या प्रमाणात व्हावा. शंका आहे म्हणून घरभर फवारा, ही तपासणी टाळण्याची पळवाट झाली.

विकणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. एखाद्या आजींना मुलाकडे राहायला जायचे म्हणून घर विकायचे असते. तपासणीत चौकटीखाली एक मातीची नळी सापडली, की घेणारा किंमत निम्म्यावर आणू पाहतो. दलाल म्हणतो, सौदा मोडला. ही भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय पुन्हा नीट लिहिलेला अहवालच. नळी जुनी आणि रिकामी आहे की चालू आहे? ती थोडी फोडून ठेवावी आणि काही दिवसांनी पाहावी. पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. बांधलेली नसली तर मात्र लगेच 'गेली' म्हणू नये, तिने वाट बदललेली असू शकते. नुकसान किती, एका चौकटीचे की तुळईचे? चौकट सुतार थोड्या दिवसांत बदलून देतो. तेवढ्यासाठी आजींच्या घराची किंमत निम्म्यावर आणणे हा अन्याय आहे, आणि अहवालात नेमके नुकसान लिहिलेले असले तर तो करणे अवघड जाते.

दोष ठाऊक असून लपवणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. मालमत्ता हस्तांतरणाचा आपला कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या ५५व्या कलमात, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, विकणाऱ्यावर एक कर्तव्य घातलेले आहे: मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष त्याला माहीत आहे, पण घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो त्याने सांगितला पाहिजे. दिवाळी नसताना एकाच भिंतीला ताजा रंग, नुकतेच ठोकलेले प्लायवूड, चौकटीच्या पायाशी नवे सिमेंट, असे काही दिसले की मला हे कलम आठवते. पण 'साधारण काळजी' म्हणजे काय? चौकटीवर चार टिचक्या मारणे त्यात येते की नाही? माझ्या मते यावे. तेवढी काळजी घेणे आपल्या हातात आहे.

यात तुमचे काय काम, असे तुम्ही विचाराल. आई-बाबा घर पाहायला जातात तेव्हा तुम्हीही बरोबर असता. मोठी माणसे किंमत आणि पार्किंग यांच्या बोलण्यात गुंतलेली असतात. तुमचे कान त्यांच्यापेक्षा तिखट असतात, बारीक आवाज तुम्हांला अधिक ऐकू येतात आणि ओट्याखाली वाकायला तुमचे गुडघे कुरकुरत नाहीत. एक बॅटरी, एक भिंग, लाकडी मुठीचा एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक वही एवढे सामान पुरे. घरमालकांची परवानगी आधी घ्या, "काका, जरा चौकट वाजवून पाहू का?" असे विचारले तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

बॅटरी भिंतीवर समोरून मारू नका. ती भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, म्हणजे प्रकाश भिंतीवरून घासत जाईल. समोरून सपाट दिसणारा रंग अशा प्रकाशात आपले सारे फुगवटे लांब सावल्यांनी दाखवतो. अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरे दुर्बिणीतून ठळक दिसतात आणि पौर्णिमेला पुसट होतात, हे तुम्ही पाहिले असेल, कारण तेच. चौकटींचे पाय, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, ओट्याखालचा कोपरा, जिन्याची खालची बाजू, विजेच्या मीटरची लाकडी फळी, भिंतीतल्या कपाटाची पाठ, या जागा आधी पाहा. ओल असेल तेथे जास्त वेळ द्या. विजेच्या जोडण्यांना मात्र हात लावू नका आणि भिंतीत काहीही खुपसू नका.

ओलावामापकाची कल्पना यावी म्हणून शाळेत एक प्रयोग करता येईल. लाकडाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एक रात्रभर पाण्यात ठेवून पुसा, दुसरी कोरडीच राहू द्या. प्रत्येकीत दोन सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोका आणि मल्टिमीटरने रोध मोजा. कोरड्या पट्टीचा रोध इतका मोठा असेल, की साध्या मल्टिमीटरला तो मोजताच येणार नाही. ओल्या पट्टीचा आकडा मात्र दिसेल. मग ओली पट्टी सावलीत वाळत ठेवून रोज एक वाचन घ्या आणि आलेख काढा.

घर पाहताना वहीत घराचा साधा आराखडा काढा. जे जे लाकूडकाम पाहिले आणि वाजवले, तेथे बरोबरची खूण करा. आवाज बदलला तेथे फुली. जेथे पोहोचता आले नाही, म्हणजे बंद पोटमाळा, भिंतीला ठोकलेले तक्ते, जड कपाटामागची भिंत, तो सारा भाग तिरप्या रेघांनी भरून काढा. बहुतेक घरांत रेघांचा भाग तुम्हांला वाटला होता त्याहून मोठा निघेल. तो आराखडा बाबांना दाखवा, आणि इसाराचे पैसे देण्यापूर्वी घरमालकांना विचारायला सांगा, की पोटमाळ्याचा एक तक्ता तासाभरासाठी उघडून मिळेल काय.